कुठला व्हिसा बरा?

व्हिसा कन्सल्टन्सीत फायली एम्बसीत जातात, माणसं परदेशात जातात आणि किस्से आपल्याकडे राहतात. कर्वेनगरच्या ऑफिसात माझ्याकडे ते इतके साठलेत, की मी तोंड उघडलं की नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो!

आमची गिऱ्हाइकं म्हणजे आयटीतली मुलं. युरोपातल्या एका देशात बस्तान बसलं, की त्यांना शेजारचा बरा वाटायला लागतो. आणि आमचे सर पक्के पुणेरी.

म्युनिकहून एकाचा व्हिडिओ कॉल आला. "सर, पोर्तुगालला शिफ्ट व्हायचंय. कुठला व्हिसा बरा?"

"कारण?"

"इथे ऊनच नाही हो!"

"मग मे महिन्यात घरी या. व्हिसाच लागणार नाही!"

एक जोडपं नेदरलँड्सहून सुट्टीवर आलं होतं. बायकोला आयर्लंडमध्ये नोकरी लागलेली. सरांनी नवऱ्याला डिपेंडंट व्हिसा सुचवला.

त्याचा चेहराच पडला. "डिपेंडंट? मी? दुसरा एखादा शब्द नाही का?"

बायको शांतपणे म्हणाली, "मोजे कुठेत हे रोज मला विचारतोस. सरकारला आत्ता कळलं, एवढंच!"

प्रागमधल्या एकाला स्पेनचा, नोकरी न करता राहायचा व्हिसा हवा होता. चौकशीला वडील आले, बँकेतून निवृत्त झालेले.

"काम न करण्याचा व्हिसा? यासाठी इंजिनीअर केला का त्याला?"

"अहो, तो सहज मिळत नाही," सर म्हणाले. "काही न करता नीट जगता येतं, हे सिद्ध करावं लागतं."

"मग माझ्या धाकट्या भावाचाच अर्ज भरा. त्याचा अनुभव दांडगा आहे!"

आणि वाघमारे बाई. शाळेतून रिटायर झालेल्या, घरात एकट्या. त्यांच्या निखिलची बर्लिनमधली नोकरी गेली होती. ऑफर्स तीन देशांतून होत्या, पण निवड लगेच करायची होती. बाई आमच्यासमोर बसल्या, निखिल स्क्रीनवर.

"सर, पगार राहू दे. कायमचं राहायला लवकर कुठे मिळेल?" निखिलने विचारलं.

सरांनी तिन्ही देशांचे नियम समजावले. बाई मन लावून ऐकत होत्या. मध्ये एकदा, "जेवलास का रे?" एवढंच विचारलं.

कॉल संपला. बाईंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला, खुर्ची जरा पुढे ओढली.

"सर, त्याचं झालं. आता मला सांगा, या तीन देशांतला कुठला त्याला लवकर परत पाठवतो?"