चाचांनी परत बोलावलेली ब्रॅकेटं

दस्तगीरचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंगळवार पेठेत भिंतीला मोर्चाचं पत्रक चिकटवत होते. हाताला खळ, कान आणि खांद्याच्या मध्ये मोबाईल. पलीकडे अण्णा, म्हणजे चाचा ज्यांच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर फिटर होते ते मालक. एवढंच म्हणाले, "चाचा गेले बघ. चहा पिऊन बसल्या बसल्या..." पत्रक वाकडंच चिकटलं. आमच्या गल्लीत राहणाऱ्या, मला लहानपणापासून ओळखणाऱ्या चाचांनी ते पाहिलं असतं तर म्हणाले असते, "लेव्हल बघ की गं."

पाच आठवडे झाले. मी रडगाणं गायला बसलेली नाही. हा माणूस जिंकून गेला आणि गावाला त्याचा पत्ता नाही, याचा मला राग आहे, म्हणून लिहिते.

प्रवासी वाहून वाहून म्हातारी झालेली मोठी विमानं घ्यायची, खुर्च्या उपटायच्या, पोटात इंधनाच्या टाक्या बसवायच्या. मग ती आकाशात उडता उडताच लढाऊ विमानांना तेल पाजतात, आणि उरलेल्या जागेतून जवान, सामान नेतात. हे काम करणाऱ्या एका कंपनीनं अण्णांना छोटी ऑर्डर दिली : त्या टाक्यांच्या नळ्या धरून ठेवणारी अ‍ॅल्युमिनियमची ब्रॅकेटं. तोवर साखर कारखान्यांचे सुटे भाग करणारं हे बारा माणसांचं वर्कशॉप. मोठ्या शहरातल्या शहाण्यांनी हसून घेतलं, की चपलांसाठी ओळखलं जाणारं हे गाव आता विमान करणार. मीही भांडले, पण वेगळ्या कारणानं. लढाईच्या सामानाला हात का लावता, म्हटलं. चाचा कानस चालवता चालवता म्हणाले, "पुरात तुझी आत्या चार दिवस माळ्यावर बसलीती. तवा जवान नि बोटी कशातनं आल्या? तुझ्या पत्रकातनं?" मी हातातली पत्रकं पिशवीत घातली. हे माझ्याकडून फारसं होत नाही.

ब्रॅकेटं झाली, बाहेरून वरचा संरक्षक थर देऊन आली, तपासून शिक्के बसले. आणि खोक्यात भरायच्या आधी खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी लेथपासून पान्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं, आणि विमानाचा पहिला माल म्हटल्यावर तो कोरडा कसा ठेवायचा? प्रत्येक ब्रॅकेटला बोट लागलं. नारळाचं पाणीही शिंपडलं. दुसऱ्या दिवशी डाग निघेनात. तेव्हा चाचांनी, साखर कारखान्याच्या मालाला मारायचे तसा, बारीक पॉलिश पेपर मारला. ब्रॅकेटं आरशासारखी झाली. सगळे खूश. खोकी गेली.

आठवड्यानं चाचा ड्रॉइंगची घडी घेऊन माझ्याकडे आले. "खाली बारीक काय लिवलंय, वाच. मला आकडे कळत्यात, इंग्रजी न्हाय." मी वाचून सांगितलं : थर दिल्यानंतर पृष्ठभाग घासू नये. चाचांनी चष्मा काढला. "म्हंजे मी त्येचं कातडं सोललंय," म्हणाले. थर गेला की दमट हवेत तिथून धातू पोखरायला लागतो. आणि जे ब्रॅकेट तेलाची नळी धरतं ते तुटलं, तर विमानातली माणसं...

तसेच ते अण्णांकडे गेले. मीही मागोमाग. अण्णा म्हणाले, "चाचा, शिक्का बसलाय. कुणाला कळतंय? आणि आता सांगितलं तर पुन्हा दारात उभं करत्यात व्हय?" खोटं नव्हतं ते. बारा घरांचा प्रश्न होता. चाचा म्हणाले, "अण्णा, त्या विमानात बसणाऱ्यालाबी घर असतंय की." मी लगेच मालकाविरुद्ध पत्रक काढायची भाषा केली. चाचांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मीच वाकडी घासलेली वस्तू आहे. "पत्रक ऱ्हाऊ दे. पत्र लिही. आन् तुझी ती उद्गारचिन्हं घालू नकोस." मी लिहिलं : पॉलिश पेपर मी मारला, सगळी ब्रॅकेटं परत पाठवा, विमानाला लावू नका. खाली चाचांची सही. अण्णांनी कागद पुढे ओढला आणि त्याखाली स्वतःची सही केली. सांगते, त्या दिवशी मालकाबद्दलचं माझं एक छापील मत बदललं.

माल परत आला. मागोमाग कंपनीचे तपासनीस आले, परप्रांतातले. पूजा यंत्राची करतात हे त्यांना ठाऊक होतं, पण मालाची? चाचा म्हणाले, "साहेब, म्हशीला कुंकू लावायचं नि रेडकाला न्हाय, असं कुठं असतंय?" साहेब हसले नाहीत. सगळी ब्रॅकेटं त्यांनी बाद केली, पुन्हा करायला लावली, आणि जाताना अण्णांना म्हणाले, "चूक सगळे करतात. कळवत कोणी नाही. पुढचं कामही तुम्हीच करा." पुढचं आलं. त्याच्या पुढचंही. आज त्या वर्कशॉपमध्ये वीस माणसं आहेत, आणि हसणारे शहाणे आता पत्ता विचारत येतात.

विमान उडालं तेव्हा व्यासपीठावर हारतुरे घ्यायला माणसांची रांग होती. त्यात एकाच्याही नखात धातूचा कीस नव्हता. चाचांनी ते वर्कशॉपमध्ये, माझ्या मोबाईलवर पाहिलं. मोठ्या विमानातून नळी खाली आली, लढाऊ विमान सावकाश येऊन तिला जोडलं. चाचा म्हणाले, "आयला, दूध कट्ट्यावर म्हशीपाशी धारोष्ण प्यायला आल्यागत उभारलंय." मी विचारलं, आपलं ब्रॅकेट कुठंय? "आत. दिसायचं न्हाय. दिसलं तर घोटाळा झाला म्हनायचा."

यंदाची खंडेनवमी चाचांशिवाय झाली. नवा माल कुलपात होता. पूजेच्या दिवशी तो बंदच ठेवायचा, हा त्यांनी घातलेला नियम. टेबलावर पाटावर एकच ब्रॅकेट, बाद मालातलं, चाचांनी मागून ठेवून घेतलेलं. सगळं हळदकुंकू त्याच्यावर. आजवर पहिलं बोट चाचांचं असायचं. या वेळी अण्णांनी चाचींना बोलावलं होतं. चाचींनी कुंकू लावलं, पदरानं बोट पुसलं आणि म्हणाल्या, "किती घासलंय हो ह्यांनी... तोंड दिसतंय." मग रांगेनं वीसही जण पुढं आले, आणि प्रत्येकानं कुंकू लावायच्या आधी त्यात वाकून पाहिलं.