दादाच्या बाजूचे दोन फूट

मीटरवाल्यांना गल्लीत कुणी नावाने हाक मारत नसे. एकतीस वर्षं त्यांनी घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले. निवृत्त होऊन आठ वर्षं उलटली, तरी माणूस मीटरवालाच राहिला. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. अजूनही कुणाच्या घरी गेले की त्यांची नजर आधी मीटर कुठे आहे ते शोधायची आणि मग यजमानांकडे वळायची.

नोकरीतली एक सवय त्यांनी घरीही आणली होती. मीटर वाचायला जोडीनं जायचं. एकाने शिडीवर चढून आकडा मोठ्यांदा वाचायचा, "सात-चार-दोन-नऊ." खाली वही घेऊन उभ्या असलेल्याने तोच आकडा परत म्हणायचा आणि मगच लिहायचा. एकदा परत म्हटला की त्या आकड्यावर वाद नाही. मग ग्राहकाने आकाशपाताळ एक केलं तरी आकडा बदलायचा नाही.

मीटरवाल्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारून विचारून नातेवाईक दमले आणि मग एकेक करून वारलेही. ते राहिले दादा-वहिनींकडे. दादा शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याला लाकूडकामाचा भारी नाद. घरामागच्या सात फूट रुंदीच्या खोलीत त्याने आपलं टेबल मांडलं, आणि धाकटा निवृत्त झाल्यावर समोरच्या भिंतीला त्याचंही एक मांडून दिलं. दोन्ही टेबलं दोन-दोन फुटांची, मधे तीन फूट जागा. पाठीला पाठ लावून दोघं काम करायचे. गल्लीतल्या अर्ध्या घरांतली फडताळं, स्टुलं, फोटोंच्या चौकटी त्या खोलीतून गेलेल्या.

तिथे मीटरवाल्यांनी नियम घातला. एकाने माप सांगायचं, दुसऱ्याने परत म्हणायचं, तोवर करवतीला हात लावायचा नाही. दादा आधी हसला. म्हणाला, लाकडाला काय बिल पाठवायचंय? पण महिन्याभरात त्याच्याही अंगवळणी इतकं पडलं की चहात दोन चमचे साखर सांगितली तरी तो "दोन चमचे" म्हणून मोकळा व्हायचा. वहिनी होत्या तोवर म्हणायच्या, या घरात मीठ मागायचीही सोय नाही, प्रतिध्वनी येतो.

वहिनी जाऊन सहा वर्षं झाली. दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याची मुलगी, म्हणजे मीटरवाल्यांची पुतणी, त्याला आपल्याकडे घेऊन गेली. जाताना दादाने दोन महिन्यांत येतो म्हणून सांगितलं. गाडीत बसल्यावर काच खाली करून बजावलं, "माझ्या पट्ट्यांना हात लावू नकोस." पट्ट्या म्हणजे त्याच्या शाळेपासूनच्या लाकडी मोजपट्ट्या. तो त्या दुसऱ्याला दाखवायचासुद्धा नाही.

त्या दोन महिन्यांचे चौदा महिने झाले.

मीटरवाल्यांनी पट्ट्यांना हात लावला नाही. दादाच्या टेबलावरची धूळ मात्र ते दर शनिवारी पुसत. पट्ट्या असतील तिथेच ठेवून त्यांच्या भोवतीनं फडकं फिरवत. खिळ्याला टांगलेला दादाचा एप्रन त्यांनी एकदा धुऊन, वाळवून पुन्हा त्याच खिळ्याला टांगला. कुणी विचारलंच तर ते सांगत, दादा आता येईलच. लोक विचारायचे थांबले तरी ते सांगत.

आणि एकट्याच्या हातून कामं बिघडू लागली. शेजारच्या घरासाठी चपलांचं कपाट करायला घेतलं. बाजूच्या फळीचं माप घेताना टेप उलटा धरला गेला आणि नव्वदच्या नवाचा झाला सहा. मीटरवाल्यांनी सवयीने आकडा मोठ्यांदा म्हटला. खोलीतून कुणी परत म्हटला नाही. त्यांनी क्षणभर वाट पाहिली आणि कापली फळी. पहिलीवरून आखून दुसरीही कापली. एकतीस वर्षांत ज्याने एक आकडा चुकवला नाही, त्याने दोन फळ्या एका फुटाने आखूड करून ठेवल्या. शेजारणीला शेवटी कपाटाऐवजी एक बाकडं मिळालं. ती बिचारी बरं दिसतं म्हणाली, पण मीटरवाल्यांचं तोंड आठवडाभर उतरलेलं होतं.

त्यांनी दोष दिला हातकरवतीला. करवतीचा यात काडीचाही संबंध नव्हता, हे तुम्हाआम्हाला कळतं. पण माणसाला कुणावर तरी खापर फोडावं लागतं, आणि करवत उलटून बोलत नाही. शिवाय खांदा खरंच दुखायचा. तेव्हा ठरलं, आता कापायचं मशीन घ्यायचं.

हत्यारांच्या दुकानात गल्ल्यावर एक बाई होत्या. वडिलांच्या पश्चात दुकान त्याच चालवायच्या, आणि मशीनची नस न् नस त्यांना ठाऊक. त्यांनी आधी विचारलं, फळ्या केवढ्या रुंदीच्या कापता? फुटाच्या आसपास, मीटरवाले म्हणाले. मग साधा मायटर सॉ उपयोगाचा नाही, बाई म्हणाल्या, त्याचं पातं एका जागी खाली येतं, निम्मी फळी कापून थांबतं. तुम्हाला स्लायडिंग हवा. बाईंनी दाखवला. डोकं रुळांवरून पुढे ओढायचं, पातं खाली आणायचं आणि ढकलत मागे न्यायचं. अख्खी फळी एका दमात कापली जाते, आणि कोन लावला की तिरपीसुद्धा. मीटरवाल्यांनी बंद मशीनचं डोकं तीनदा पुढेमागे करून पाहिलं. खांद्याला काही म्हणजे काही कळलं नाही.

"मागे जागा किती आहे?" बाईंनी विचारलं. "हे रूळ मागे जातात. भिंतीपासून मीटरभर तरी धरा."

मीटरवाले घरी आले आणि खडू घेऊन जमिनीवर बसले. खोली सात फुटांची. मशीनला मीटरभर, दादाच्या टेबलाचे साठ सेंटिमीटर. मधे उरत होते जेमतेम पन्नास. त्या पन्नासात ते उभे राहून पाहू लागले. मशीन ओढल्याचा अभिनय केला तर कोपर मागे दादाच्या टेबलाला लागलं. अंग चोरून पाहिलं, तिरपं उभं राहून पाहिलं, पोटही आत घेऊन पाहिलं. पोट काही फारसं नव्हतं, त्यामुळे त्यातून काही निघालं नाही. दादाचं टेबल हललं तरच मशीन बसत होतं.

तिथे त्यांचं घोडं अडलं. पुढचे पाच आठवडे ते दुकानात खेटे घालत राहिले. हेच मशीन आडवं लावता येईल का? बाई म्हणाल्या, मग लांब फळी दारातून बाहेर काढून कापा. रूळ पुढे असलेलं एखादं मशीन मिळतं का? मिळतं, पण बाहेरून मागवावं लागेल, आणि बिघडलं तर इथे त्याला कुणी हात लावणार नाही. साधंच घेऊन फळी दोन्ही बाजूंनी कापली तर? कापा, आणि मग सांधा जुळवत बसा. बाईंकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. शेवटी त्यांनीच विचारलं, ते समोरचं टेबल कुणाचं आहे?

"भावाचं."

"त्यांना विचारा की मग."

एवढी साधी गोष्ट. आणि तीच मीटरवाल्यांना जमत नव्हती. दर रविवारी अकरा वाजता दादाला फोन व्हायचा. गुडघा कसा आहे, गोळ्या घेतोस ना, तिकडे ऊन आहे का, सगळं बोलून व्हायचं. परत कधी येतोस, एवढं मात्र चौदा महिन्यांत एकदाही विचारलं गेलं नव्हतं. विचारलं नाही तोवर दादा येणारच होता. टेबल आहे, पट्ट्या आहेत, एप्रन खिळ्याला आहे. टेबलाचं विचारायचं म्हणजे तेच विचारायचं, हे मीटरवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ते मशीनचे कॅटलॉग चाळत बसले होते.

सहाव्या रविवारी मात्र त्यांनी कच खाल्ली नाही. गुडघा आणि गोळ्या झाल्यावर मशीनचा विषय काढला. दादा एकदम खुलला. किती इंची पातं, कोन किती अंशांपर्यंत वळतो, भुसा धरायला पिशवी आहे का, सगळं खोदून खोदून विचारलं. दहा इंचीच घे म्हणाला. पाच मिनिटं तर मीटरवाल्यांना वाटलं, दादा समोरच्याच टेबलाशी आहे आणि आपण उगाच घाबरत होतो. मग दादाने विचारलं, ठेवणार कुठे?

"माझ्या बाजूला. पण रूळ मागे जातात. मीटरभर लागतो."

"मीटरभर," दादा म्हणाला.

"तुझ्या टेबलाचे साठ. मधे उरतात पन्नास."

"पन्नास."

मीटरवाले थांबले. इथे दादाने बोलायला हवं होतं. लहान मशीन घे, म्हणायला हवं होतं. थोडं थांब, मी येतोच आहे, मग बघू, एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी आयुष्यभर हातकरवत ओढली असती. तिकडे नातवंडांचा दंगा ऐकू येत होता, कुणीतरी आजोबा म्हणून हाक मारत होतं. मग मीटरवाल्यांनी शिडीवरून आकडा सांगावा तसं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"दादा, तुझं टेबल काढावं लागेल."



"माझं टेबल काढायचं," दादा म्हणाला.

त्यात राग नव्हता, प्रश्नही नव्हता. खाली वही घेऊन उभा असलेला माणूस म्हणतो, तसं त्याने म्हटलं होतं. आणि एकदा परत म्हटलेल्यावर वाद नाही, हा नियम मीटरवाल्यांचाच होता.

मग दादा म्हणाला, "पट्ट्या तू वापर रे. पडून खराब होतील."

मीटरवाले बरं म्हणाले. फोन ठेवल्यावर ते मागच्या खोलीत जाऊन दादाच्या स्टुलावर बसले. चौदा महिने ते या घरात एकटेच राहत होते, पण एकटे झाले ते त्या रविवारी. फार वाईट वाटलं त्यांना. दादाचा राग यावा म्हणून त्यांनी थोडा प्रयत्न करून पाहिला, तो काही आला नाही. संध्याकाळी त्यांनी टेबलाचे स्क्रू काढले. लाकूड अजून ठणठणीत होतं. जिथे टेबल होतं तिथे फरशीचा जुना रंग तसाच राहिला होता, दोन फुटांचा पट्टा, बाकी फरशीपेक्षा बराच उजळ. पट्ट्या त्यांनी आपल्या टेबलावर आणून ठेवल्या. एप्रन राहिला खिळ्याला, त्याला काही जागा लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळीच ते दारात हजर. बाईंनी त्यांना पाहून सवयीने कॅटलॉग पुढे केला. मीटरवाल्यांनी तो बाजूला सारला आणि म्हणाले, ते मागे रूळ जाणारंच द्या, दहा इंची. बाईंना नवल वाटलं.

"विचारलंत भावाला?"

"विचारलं."

बाईंनी पावतीपुस्तक उघडलं, कार्बन सरळ केला आणि पेन टेकवलं.

"थांबा," मीटरवाले म्हणाले. "आधी एकदा परत म्हणा."

"काय?"

"मी सांगितलं तेच. स्लायडिंग, दहा इंची, एक."

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारा काउंटरची कड दोन्ही हातांनी धरून वाट बघत उभा होता.

"स्लायडिंग," बाई सावकाश म्हणाल्या, "दहा इंची, एक."

"हं," मीटरवाले म्हणाले. "आता लिहा."