लाल रेघा

लंडनच्या मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये ती हॅरो स्टेशनला चढायची, बॅग शेजारच्या सीटवर आपटायची, पेनाचं टोपण दातांनी काढायची आणि मुलांचे पेपर तपासायला बसायची. गेला आठवडाभर तर ती लाल रेघा इतक्या जोरात मारत होती, की कागद फाटत होते. माझं डोकंच फिरलं. मी फोनवर मराठी बोलताना ती एकदा ओळखीचं हसली होती, म्हणून विचारलंच, "अगं, मुलांवर एवढा कसला राग?"

"मुलांवर नाही हो काका. मी हिस्टरी शिकवते."

तिने दोन कागद माझ्या हातात कोंबले. दोन्हींवर एकच जुना फोटो, अमेरिकेतल्या कापड गिरणीचा. पहिल्यात यंत्रापाशी एक उंच, पाठमोरी बाई.

"वर्गात दाखवलेल्या स्लाइडवर हा पहिलाच होता. सगळ्यांनी लिहिलं, फॅक्टरी आली आणि बायका इंडिपेंडंट झाल्या."

दुसरा फोटो पूर्ण होता. ती बाई नव्हतीच. आठ-नऊ वर्षांची पोर होती. धाग्यापर्यंत हात पोचावा म्हणून अनवाणी पायांनी चालत्या यंत्रावर चढलेली.

मी भडकलो. "कोणी कापले हिचे पाय? हाकलून द्या त्याला शाळेतून!"

"मीच कापले," ती म्हणाली. "हेडिंगला जागा हवी होती."

मी तिच्या मांडीवरचे पेपर पाहिले. लाल रेघा मुलांच्या उत्तरांवर नव्हत्याच. त्या तिनेच आधी दिलेल्या 'बरोबर'च्या खुणांवर होत्या.