हौदातलं औषध

३ मे. सकाळची भांडी उरकून बाथरूमच्या नळाचा फिल्टर खोलायला बसले. आतली कोळशाची नळी बदलायची होती. दुकानदाराने ती सहा महिने चालेल असं सांगितलं होतं, पण दुसऱ्याच महिन्यात पाण्याला पुन्हा टीसीएलचा, म्हणजे जंतू मारायच्या क्लोरीनच्या पुडीचा, वास मारायला लागला.

फिल्टर आणला तो सासूबाईंसाठी. त्यांना मी आत्याबाई म्हणते. थंडीपासून त्यांच्या अंगाला खाज सुटली होती. पाठ, पोटऱ्या, सगळं खाजवून रक्ताळलेलं. कळंबच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि पाण्यातलं क्लोरीन यांच्या कातडीला सोसत नाही म्हणाले. आत्याबाई अंघोळीशिवाय तोंडात घास घालत नाहीत. आता अंघोळ आग करते म्हणून त्या ती टाळायच्या, आणि मग चहासुद्धा नको म्हणायच्या. कधी दुपारी एकदाच जेवायच्या, कधी तेही नाही. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. मुलांचे डबे, शाळा, स्वयंपाक सांभाळून माझं रोज हेच भांडण चालायचं.

"हातपाय धुवा आणि खा. देव काही म्हणणार नाही."

"तुझा देव म्हणत नसंल. माझा म्हणतो."

नळी काढली तर पांढरट, चिकट. दुसऱ्या दिवशी गावच्या नळाला पाणी यायचं होतं, आठवड्यातून एकदा येतं आणि हौदात साठवलेलं तेच बाथरूमला जातं, म्हणून नवी बसवायच्या आधी हौदात पाणी किती उरलंय ते बघायला गेले. तिथं सासरे, म्हणजे आमचे मामा, झाकण सरकवून उभे होते. हातात प्लास्टिकचा डबा. त्यातली पांढरी पूड मुठीने हौदात सोडत होते.

"मामा, हे काय?"

"औषध. ग्रामपंचायतीच्या शिपायानं दिलंय."

"नळाच्या पाण्यात आधीच असतं की."

"असतं, पण आठ दिस साठून ऱ्हातंय न्हवं? लई बारीक किडं असत्यात."

"कधीपासून टाकताय?"

"टाकतो की आपला. दर खेपंला."

मी हौदाच्या कठड्यावर बसले. पाण्यात औषध टाकणारे वेगळे, ते काढायला फिल्टर लावणारी मी वेगळी, आणि मध्ये सोलून निघत होत्या आत्याबाई.

"आत्याबाईंचं अंग यानंच जळतंय."

मामा डब्याचं झाकण लावत राहिले. मग म्हणाले, "माझा धाकटा भाऊ हगवणीनं गेला. विहिरीचं पाणी पेऊन. तू म्हणतीस ते खरं असंल, पण म्या टाकायचं सोडणार न्हाय."

मीही रोजच्या भांडणाने थकलेच होते.

"सोडू नका. पण मूठ नाही, चमचा टाका. आणि आत्याबाईंच्या अंघोळीचं पाणी मी वेगळं काढून उन्हात उघडं ठेवते, म्हणजे औषध उडून जाईल."

"उघडं? त्यात डास पडत्याल."

"जाळी बांधते. पिणार थोडंच आहे कुणी?"

घरातून आत्याबाईंचा आवाज आला, "काय चाललंय तिथं दोघांचं? मला सांगा तरी!"

"तुमच्या अंघोळीची तयारी," मी म्हटलं.

"मला न्हाय करायची."

नवी नळी बसवली. त्या नळाचं पाणी रुंद तोंडाच्या दोन पातेल्यांत काढलं, गच्चीवर उन्हात नेऊन ठेवलं, वरून साडीचा जुना तुकडा बांधला. गुडघे दुखेपर्यंत चार फेऱ्या झाल्या. संध्याकाळी वास घेतला. अजून थोडा होता, म्हणून तसंच राहू दिलं.

४ मे. सकाळी पुन्हा वास घेतला. काही आला नाही. पाणी खाली आणून कोमट केलं, आत्याबाईंना न विचारता पाटावर बसवलं आणि आधी एकच तांब्या पाठीवर ओतला. त्या दात आवळून थांबल्या. आग झाली नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. "अजून घाल," एवढंच म्हणाल्या. बादली संपेपर्यंत घातलं, अंग टिपून खोबरेल लावलं आणि भाकरी थापायला घेतली.