काटोलच्या दाराची गिटार

कोणी गिटार घेऊन आलं, की भाऊ आधी तिच्या डोक्यावर तळहात ठेवत. जिथे कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत असतं, नेमकं तिथे. मग म्हणत, "नाव झाकलं गा. आता वाजव."

गंमत अशी, की भल्याभल्यांची बोटं तिथे अडखळत. महिनोन्‌महिने वाट पाहून मागवलेली परदेशी गिटार, चार लोकांत मिरवलेली. पण नाव झाकल्याबरोबर मालक बावरून जायचा. वाजवून झालं की भाऊ हात काढत. "चांगली हाय," म्हणत, "पन तू वाजवून नाई राहिला, वाचून राहिला."

भाऊंचं नाव मी इथे लिहिणार नाही. स्वतः बनवलेल्या एकाही गिटारीवर त्यांनी ते लिहिलं नाही, मग मी लिहिणारा कोण? गोकुळपेठेच्या बाजारामागून कधी गेला असाल तर त्यांचं दुकान तुम्ही पाहिलंही असेल. पण तिथे गिटारी होतात हे काही तुमच्या लक्षात आलं नसेल. बाहेर पलंगाचे पाय, देव्हारे, चौकटी. भाऊ सुतार. पाडलेल्या घरांतलं जुनं सागवान उचलून आणायचे आणि त्यातून वर्षाकाठी दोन गिटारी करायचे, फार तर तीन. मनासारखी फळी मिळाली तरच.

मी मिहानमधल्या एका कंपनीत संगणकासमोर बसतो. रविवारी सकाळी धरमपेठेत एका मित्राच्या गच्चीवर आम्ही पाच-सहा गिटारवाले जमतो. वाजवणं कमी, आणि कोणाची गिटार कुठून आली याच्या गप्पा जास्त. एकदा आमच्यातल्या एकाने भाऊंकडची गिटार आणली. सगळ्यांनी हातात घेतली, वाजवली, पुन्हा मागून घेतली. एकाने विचारलं, "कोणत्या कंपनीची?" तो म्हणाला, "गोकुळपेठ." विचारणाऱ्याने गंभीरपणे मान हलवली, "हो हो, ऐकलंय." त्याच आठवड्यात मी भाऊंच्या दारात उभा राहिलो.

मला त्यांनी दोन वर्षं टांगून ठेवलं. विचारायला गेलो, की म्हणायचे, "घाई असन तं दुकानात जा ना. तिथं रांगेनं लटकल्या हायेत." आणि मग स्वतःच स्टूल सरकवून चहा मागवायचे. चहा आणायच्या वहिनी, म्हणजे भाऊंची बायको. दुकानामागेच घर. वहिनी चहा ठेवायच्या, कोपऱ्यातल्या चुलीवर सरसाचं भांडं सारखं करायच्या आणि आत जायच्या. भाऊ गिटारीला कधी बाजारातला तयार गोंद लावत नसत. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरस, चुलीवर पाण्यात भांडं ठेवून गरम केलेला. त्याचा वास मला आधी सहन होत नसे. नंतर नसला की चुकल्यासारखं वाटे.

त्यांच्या कामाचा एक नियम होता. गिटार तयार झाली, की तारा चढवून ती मागच्या टिनाच्या शेडमध्ये टांगायची आणि आख्खा मे महिना तिथेच राहू द्यायची. नागपूरचा मे. आत पाय ठेवला तर आपलाच जीव कासावीस व्हावा. जूनमध्ये खाली काढायची, सूर लावायचा आणि गळ्यावरच्या बाराव्या पट्टीवर बोट ठेवून ऐकायचं. तिथे सूर खरा निघाला तर गिटार मालकाची. आमच्या कंपनीत बंगळुरूहून नवीन साहेब आला, फार कडक आहे, असं मी एकदा सांगत होतो. भाऊंनी रंधा थांबवला. "मे पाहिला काय त्यानं?"

आणि खरा नाही निघाला तर? ते मी एकदाच पाहिलं. एक गिटार बाराव्या पट्टीवर केसभर चढी बोलत होती. मला तर कळलंही नाही. भाऊंनी तारा काढल्या, गुडघ्यावर घेऊन गळा मोडला आणि तुकडे चुलीत सरकवले. सरसाचं भांडं वर तसंच उकळत होतं. मी अक्षरशः हात धरला त्यांचा. म्हटलं, "भाऊ, मला द्या. मी कोणाला सांगणार नाही. तसंही तुमचं नाव कुठे आहे तिच्यावर?"

"नाव नाई म्हनूनच तं," भाऊ म्हणाले. "नाव असतं तं लोकायनं पोटात घातलं असतं."

माझी गिटार काटोलच्या एका संत्र्याच्या गोदामाच्या दारातून निघाली. दार आणलं तेव्हा भाऊंनी फोन करून मला बोलावून घेतलं, मुलगी दाखवायला बोलावतात तसं. पुढे गिटार आकाराला आली, तेव्हा तिच्या पाठीच्या फळीवर एक भोक दिसलं, ते काळ्या लाकडाने बुजवलेलं. मी विचारलं, "हे काय?" म्हणाले, "कडी होती तिथं. दाराले कडी नाई लागत काय?" गिटारीच्या पोटात, आतल्या बाजूने, त्यांनी पेन्सिलने लिहिलं: काटोल, गोदामाचं दार. त्यांच्या गिटारीवर लिहिलेलं असायचं ते एवढंच.

आता खर्ऱ्याचं सांगायला हवं. नागपुरात खर्रा कोण खात नाही? प्लॅस्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घेऊन भाऊ ती तळहातावर घोटत बसायचे, बोलता बोलता, तास तास. एकदा हसत म्हणाले, "पह्यले तोंडात तीन बोटं जात होती गा. आता एकच जाते." आणि बोट घालून दाखवलं. मीही हसलो. मला त्याचा अर्थ माहीत होता. माझ्या काकांचं तसंच झालं होतं, मग कॅन्सर. तरी मी त्या दिवशी डॉक्टर हा शब्द काढला नाही, कारण माझी गिटार अर्धी झाली होती आणि मला मध्ये खोळंबा नको होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगून टाकतो.

हिवाळ्यात त्यांचा अर्धा जबडा काढला. बोलणं गेलं. घरी आणल्यावर उशाशी प्लायवूडचे तुकडे आणि सुताराची चपटी पेन्सिल असायची, त्यावर लिहून बोलायचे. अक्षर मोठं, ठसठशीत. माझी गिटार तयार होऊन शेडमध्ये टांगलेली होती. फेब्रुवारीत एकदा त्यांनी मला लिहून दिलं, "घिऊन जा."

मी म्हटलं, "अजून मे कुठे पाहिलाय तिने?"

त्यांनी प्लायवूडचा दुसरा तुकडा ओढला. मग लिहिलं, "तू पाह." आणि खाली, जरा दाबून, "टांगून ठेव. काई करू नोको."

काई करू नोको. एवढं एकच सांगितलं होतं त्यांनी. पण मी पडलो शिकलेला माणूस. परदेशातले गिटारवाले इंटरनेटवर काय काय लिहितात ते वाचणारा. कोरड्या हवेत लाकूड तडकतं, खोलीत ओलावा ठेवा, मीटर लावा. गिटार घरी खोलीत टांगून मी मीटर मागवलं. एप्रिलमध्ये त्याचा काटा तळाला गेला तसा माझा जीवही गेला. ही भाऊंची शेवटची गिटार. हिला तडा गेला तर? मी खोलीतला कूलर दिवसभर तिच्या अंगावर सोडून ठेवला. बायको वैतागून म्हणाली, "माणसाईले पंखा अन् गिटारीले कूलर! उद्या तिले रसही पाजा." मी ऐकलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

मेच्या मध्यावर, भर दुपारी, खोलीतून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. ज्या लाकडी घोडीत तारा अडकवलेल्या असतात, ती घोडी पोटावरून उखडून तारांना लोंबत होती. कूलरच्या दमट हवेत सरस सुटला होता. लाकडाला कुठेही तडा नव्हता. टिनाच्या शेडमध्ये ती बिचारी सुखाने राहिली असती.

मी ती तशीच उचलून भाऊंकडे गेलो. ते आता नुसतेच पडून असत. नळीने पेज. मला पाहून त्यांनी हात पुढे केला, गिटार छातीवर घेतली आणि हुंगली. कूलरच्या वाळ्याचा वास तिच्या पोटात भरून राहिला होता. त्यांनी लिहिलं, "कूलर?"

मी मान खाली घातली. भाऊंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. हसत होते. तोंडाला फडकं बांधलेलं, हसू सगळं खांद्यात आलं होतं. मग त्यांनी वहिनींकडे पाहून चुलीकडे बोट दाखवलं.

"राहू द्या, भाऊ," मी म्हटलं. "बरे झाल्यावर करू."

त्यांनी लिहिलं, "केव्हा?"

वहिनींनी सरस तापवला. पाठीला गादीची गुंडाळी लावून आम्ही त्यांना बसवलं. जुना सरस खरवडायला त्यांना अर्धा तास लागला, मध्ये तीनदा थांबले. नव्या सरसाचं काम मात्र झटपट असतं, तो हातात थिजतो. त्यांनी घोडी बसवली. हात थरथरत होते. वहिनींनी पटकन बोट पुढे केलं, आणि भाऊंनी ते झटकलं. मग शिकंजा कसला, म्हणजे सरस वाळेपर्यंत जोड दाबून धरणारा लोखंडी चिमटा. कसून झाल्यावर लिहिलं, "उद्या चार." आमच्याकडे असे पाहत होते, की हिवाळ्यापासून त्यांच्या डोळ्यांत इतकं समाधान मी पाहिलं नव्हतं. गिटार तिथेच ठेवून मी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ गेले.

ऊन चढायच्या आत उरकायचं म्हणून लगेच नेलं. घाटावरून परतून, दुपार कलली तरी, आम्ही पुरुष माणसं दाराबाहेर कडुनिंबाखाली बसलो होतो. आत बाया. वहिनी उठून दाराशी आल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, चार वाजले."

लोकांना वाटलं, दुःखाने भ्रमिष्टासारखं बोलताहेत. मी उठलो. वहिनींनी शिकंजा स्वतः सैल केला, एकदम नाही, पाव फेरा एका बाजूने, पाव दुसऱ्या. मी तारा चढवल्या आणि गळ्याच्या खालच्या टोकाला, जिथे कोणतीही गिटार गोडच लागते, हळूच छेडल्या. "मस्त बसली, वहिनी," मी म्हटलं.

"बाराव्या पट्टीवर वाजवा."

वाजवली. सूर फाटला. केसभर नाही, चांगला फाटला. घोडी तिरपी बसली होती. मी तरी म्हणालो, "ठीक आहे."

"तीस वर्सं सरस तापवला मी," वहिनी म्हणाल्या. "मले आयकू येते. काल दिसलंच होतं मले, तिरपी हाय म्हनून. सरकवनार होती, तं त्यायनं हात झटकला."

"मग बोलला का नाहीत?"

"थे खुश होऊन पाहून राहिले होते ना मायाकडे."

कोपऱ्यातल्या चुलीत गार राख होती. वहिनींनी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज चूल पेटत नाई आमच्या घरी," त्या म्हणाल्या. "आज घिऊन जा."

तेरवी झाल्यावर मी गिटार परत घेऊन गेलो. मनात मी सगळं ठरवून टाकलं होतं. वहिनी जाळा म्हणाल्या तर नाही म्हणायचं. ही अशीच ठेवायची, बेसूर, त्यांच्या शेवटच्या थरथरत्या हाताची. रविवारच्या मंडळींना मी तसं सांगूनही बसलो होतो आणि एकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

वहिनींनी माझं बोलणं ऐकून घेतलं. चूल पेटलेली होती, वर पाणी. त्या म्हणाल्या, "गरम सुरीनं निघते घोडी. सरसाचं तेच तं हाय, जोड सोडवता येते. काढू?"

"नको वहिनी. त्यांचा हात आहे तो."

"त्यायचा हात?" वहिनींचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "त्यायनं जिंदगीभर जे जाळलं, थे तुमी घरात टांगनार? बिमारीचा हात हाय तो, भाऊजी. त्यायचा नाई."

मी गिटार त्यांच्या हातात दिली. त्यांनी सुरी तापवली, ओलं फडकं लावलं आणि जराही घाई न करता घोडी उचकटली. नवा सरस लावला, घोडी बसवली, एक डोळा मिटून पाहिलं, बोटाने इतकीशी सरकवली. शिकंजा कसला. दुसऱ्या दिवशी चार वाजता ती गिटार बाराव्या पट्टीवर खरी बोलली, आणि आजही बोलते, हे सांगून टाकतो. तिच्यात कुठेही खोट नाही. मला आनंद व्हायला हवा होता.

पण मला आठवतं ते आदल्या दिवशीचं, वहिनींनी शिकंजा कसून झाल्यावरचं. भाऊंनी लावलेला सरस खरवडून काढल्यावर त्याचा पिवळट भुगा फरशीवर पडला होता, चिमूटभर. वहिनींनी झाडू घेतला, पलंगाच्या पायांखालचा भुसा ओढला, तो भुगा त्यात मिसळला आणि सगळं दाराबाहेर लोटलं. मग पदराने हात पुसले आणि मला म्हणाल्या, "उभे काहून? बसा, च्या ठेवते."