सिस्टरचं मत

सगळा भाग त्यांना सिस्टर म्हणायचा. नदीअलीकडच्या सरकारी प्रसूतिगृहात त्यांची उभी हयात गेली. गल्लीतल्या निम्म्या पोरांनी जन्माला येताच पहिली चापटी त्यांच्या हातची खाल्ली होती, आणि पोराला मिशा फुटल्या तरी त्या हे भर रस्त्यात ऐकवायच्या. पोरगं लाजून लाल झालं की त्यांचा दिवस चांगला जायचा.

मग महापौरांनी प्रसूतिगृहाला टाळं लावलं. खर्च झेपत नाही, म्हणे. बायकांनी पुलापलीकडच्या मोठ्या इस्पितळात जावं.

खालच्या मजल्यावर शिंपीणबाई राहायच्या. त्यांच्या लेकीला भल्या सकाळी कळा सुरू झाल्या. सिस्टर मायलेकींसोबत टॅक्सीत बसल्या. पुलावर गाड्यांची ही रांग. ना पुढे जाता येई, ना मागे. टॅक्सीतच बाळंतपण झालं. मुलगी होती. सिस्टरनी होतं नव्हतं ते कसब पणाला लावलं, पण तिनं श्वास घेतलाच नाही. सिस्टरनी तिला स्वतःच्या ओढणीत गुंडाळून शिंपीणबाईंच्या मांडीवर दिलं.

महानगर सभेची निवडणूक तोंडावर आली, तेव्हा विरोधी पक्षाला या भागात उभं राहायला माणूस मिळेना. शिंपीणबाईच सिस्टरकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही उभ्या राहा. पायपीट मी करते."

दोघी जिने चढल्या, दारं ठोठावली. सिस्टरना भाषण जमत नसे. त्या एवढंच म्हणायच्या, "प्रसूतिगृह उघडायचंय. त्यासाठी मला सभेत पाठवा." लोकांनी भरभरून मतं दिली. नुसत्या त्यांनाच नाही. महापौरांच्या पक्षाचं शहरातलं बहुमत गेलं.

तोच पक्ष देशावरही राज्य करत होता. हे शहर म्हणजे देशाची राजधानी; तिथल्याच माणसांनी पाठ फिरवलीय म्हटल्यावर सरकारातले मित्रपक्ष सटकायला लागले. आज एक बाहेर पडला, उद्या दुसरा. पंतप्रधानांची खुर्ची डुगडुगायला लागली. सिस्टरचा नवरा बस चालवायचा. जेवता जेवता तो टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाला, "बघ, तू सरकार हलवलंस. आता भाजीत मीठ घाल."

त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या.

नवा महापौर निवडायच्या आदल्या दिवशी पक्षाच्या सरचिटणीसांनी सगळ्या निवडून आलेल्यांना कचेरीत बोलावलं. पंख्याखाली बसून ते शांतपणे म्हणाले, "उद्या मत जुन्या महापौरांनाच द्यायचंय."

सिस्टरना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "ज्यांनी प्रसूतिगृह बंद केलं, त्यांना?"

"सिस्टर, देशाच्या सरकारात आपण त्यांच्यासोबत जातोय. शहर त्यांच्याकडे राहील, आरोग्य खातं आपल्याकडे येईल. मंत्रीच आपला म्हटल्यावर प्रसूतिगृह उघडायला कितीसा वेळ?"

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर पक्ष तुमचा नाही. मग एकट्या काय उघडणार आहात?"

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला विचारलं, "काय करू हो?" तो बुटांच्या नाड्या सोडवत होता. "मी नुसती बस चालवतो गं. पाटी कुठली लावायची, ते डेपोत ठरतं."

दुसऱ्या दिवशी सभागृहात जुन्या महापौरांचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा सिस्टरनी हात वर केला. एकट्या पडून काहीच होणार नाही, हे त्यांनी स्वतःला पटवून दिलं होतं. वर गॅलरीत शिंपीणबाई बसल्या होत्या. सिस्टरनी तिकडे पाहिलं नाही.

जिन्यात गाठ पडलीच. शिंपीणबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मग आता कधी उघडणार?"

"लवकरच," सिस्टर म्हणाल्या.

आरोग्यमंत्र्यांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं की हा विषय शहराचा. महापौर म्हणाले, देशाच्या सरकारनं मंजुरी द्यायला हवी. सिस्टर या दारातून त्या दारात खेपा घालत राहिल्या. शिपाई ओळखू लागले, साहेब ओळखेनासे झाले. एका दुपारी खबर आली, की प्रसूतिगृहाची जागा वाहनतळाला दिली आहे. त्या धावत गेल्या. खाटा ट्रकवर चढल्या होत्या. बाळं ठेवायच्या पाळण्यांचा एकात एक घालून ढीग रचला होता. एक हमाल म्हणाला, "बाई, बाजूला व्हा, लागेल."

त्या बाजूला झाल्या.

एवढं करून ते देशाचं सरकारही टिकलं नाही. वर्ष सरायच्या आत सिस्टरचा पक्ष फुटला. मंत्री एकीकडे गेले, सरचिटणीस दुसरीकडे, आणि दोघांनीही सिस्टरना आपल्याकडे बोलावलं नाही. त्यांनी राजीनामा लिहायला घेतला, तोवर नव्या सरकारनं महानगर सभाच बरखास्त केली.

शिंपीणबाईंच्या लेकीला पुन्हा दिवस गेले. या खेपेला त्यांनी जोखीम घेतली नाही. मशीन, कापडाचे गठ्ठे, सगळं हातगाडीवर टाकून बिऱ्हाड पुलापलीकडे नेलं. निघताना वर येऊन सिस्टरना सांगून गेल्या. पत्ता काही दिला नाही, आणि सिस्टरनाही विचारवला नाही.

पुढे केव्हातरी पुन्हा निवडणूक लागली. एका तिसऱ्याच पक्षाची उमेदवार दारात आली, शाळेत शिकवणारी बाई होती. वाहनतळाच्या जागी दवाखाना आणणार, असं तिनं मनापासून सांगितलं. सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं, तिला पाणी दिलं.

"तुम्ही अनुभवी आहात," ती म्हणाली. "काहीतरी सांगा ना."

सिस्टर तिच्या पायांकडे पाहत राहिल्या.

"मऊ चपला घाला," त्या म्हणाल्या. "जिने फार आहेत."

मतदानाच्या दिवशी नवरा मत देऊन आला. त्या घरीच होत्या, खिडकीपाशी तांदूळ निवडत. त्यानं बूट काढले आणि शेजारी बसून खडे वेचू लागला.