मुदतीआधीची फेड

हप्ते वेळेवर न भरल्याबद्दल लोकांना दंड होतो. मला तो कर्ज वेळेआधी फेडायला गेल्याबद्दल झाला.

कुसगावात घरावर तीन खोल्या बांधून पर्यटकांना भाड्याने द्यायच्या, म्हणून मी लोणावळ्यातल्या एका बँकेतून पाच वर्षांचं कर्ज काढलं होतं. खोल्या बऱ्या चालल्या. त्यात वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, नोकरी सोडताना कंपनीकडून एकरकमी पैसे मिळाले. आम्ही सगळं कर्ज एकदम फेडायचं ठरवलं. मी नवा शर्ट घातला, पेढे घेतले आणि बँकेत गेलो. मॅनेजरबाईंनी अभिनंदन केलं, पेढा खाल्ला आणि मुदतीआधी कर्ज बंद करण्याचं शुल्क साडेअठरा हजार होईल, असं सांगितलं. (खाल्लेला पेढा परत मागता येत नाही.)

मी ताडकन उठलो. पैसे बुडवणाऱ्यांच्या मागे बँक हात जोडत फिरते आणि आणून देणाऱ्याला लुटते, असं भाषण मी उभ्या उभ्या केलं. पासबुक भरायला आलेल्या दोन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, तेव्हा तर मला आणखी चेव आला. माझा माणूस घेऊन येतो, असं बजावून मी बाहेर पडलो.

माझा माणूस म्हणजे आंबीचे आबा, माझे चुलत चुलते. कारखान्यात त्यांनी वीस वर्षं युनियन चालवली होती. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "कागद नीट वाचला व्हतास न्हवं?"

"शब्द न् शब्द," मी म्हणालो.

सोमवारी आबा, वैशाली आणि मी बँकेत गेलो. आबांनी टोपी सारखी केली आणि बाजू अशी काही मांडली की मला वाटलं, आता बाई आधीचं व्याजही परत देतील. बाईंनी शांतपणे माझी फाइल मागवली. कर्ज घेताना दोन पर्याय होते, असं त्यांनी सांगितलं. एकात व्याज थोडं जास्त, पण कर्ज कधीही बंद करा. दुसऱ्यात व्याज कमी, पण तीन वर्षांच्या आत बंद केलं तर शुल्क. मी दुसऱ्यावर खूण केली होती.

हे मला कुणी समजावूनच सांगितलं नाही, असं मी आबांकडे बघत म्हणालो.

बाईंनी अर्ज वैशालीपुढे सरकवला. 'अटी समजावून सांगितल्या' या ओळीखाली माझ्याच सुवाच्य अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. वैशालीने ते मोठ्याने वाचलं.

"समजावण्याची गरज नाही. मी सुशिक्षित आहे."

आबांनी खुर्ची फिरवली आणि ते माझ्याकडे तोंड करून बसले, म्हणजे बँकेच्या बाजूने. "मॅडम," ते म्हणाले, "आमी बी ह्याला कायबी समजावत न्हाई."

वैशालीने मात्र सरळ विचारलं, तीन वर्षं कधी पुरी होतात? चार महिन्यांनी. तोवर पैसे ठेवीत टाकले, तर कर्जाचं व्याज भरूनही शुल्कापेक्षा कमीच जाणार होतं. तिने तिथल्या तिथे ठेवीचा अर्ज मागितला.

काउंटरवरच्या बाई ठेव मुदतीआधी मोडण्याच्या अटी सांगू लागल्या. या वेळी मी चष्मा लावला, प्रत्येक अट दोनदा विचारली, दोन-तीन उतरवूनही घेतल्या. मग सहीसाठी ऐटीत पेन काढलं.

"काका," त्या म्हणाल्या, "ठेव मॅडमच्या नावावर आहे. त्यांची सही मघाशीच झाली."